सातव्या महिन्याची साक्ष

माझ्या सासूबाई सुईण होत्या. आमच्या भागातली तिशी-चाळिशीतली निम्मी माणसं पहिल्यांदा रडली ती त्यांच्याच हातात. त्यामुळे कुणी कितीही मोठा झाला तरी त्यांच्यापुढे त्याची मान वर व्हायची नाही. कापडवाल्याला त्या भर दुकानात ऐकवायच्या, "तू पायाळू होतास, तेव्हापासूनच उलटा," आणि तो गिऱ्हाइकांसमोर हसून घ्यायचा. पुढे दवाखाने वाढले, तसं त्यांचं काम आटलं, पण मान तसाच राहिला. सगळे त्यांना सुईणमावशी म्हणत. पाचही वेळा नमाज, तोंडात शिवी नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सून होऊन आले तेव्हा वाटलं होतं की अशा बाईच्या हाताखाली आपला निभाव लागायचा नाही. पण त्यांनी मला लेकीसारखं वागवलं. मी त्यांना आई म्हणायचे, आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं.

माझी मुलगी लग्नाला सात महिने आणि बारा दिवस झाले तेव्हा जन्मली. अचानक पाणी गेलं, दवाखान्यात नेईपर्यंत उशीर होतोय असं वाटत असतानाच ती बाहेर आली. मुठीएवढं डोकं, रडणं मांजरीच्या पिल्लासारखं. दवाखान्यात पोचताच तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सासूबाई काचेला नाक लावून बराच वेळ उभ्या होत्या. मला वाटलं, इतकी बाळं पाहिलेली बाई, आता काहीतरी धीराचं बोलेल. त्या नुसत्या तिच्या दुमडलेल्या कानाकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी शेजारीण बघायला आली. तिचा स्वभाव वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. ती हसत हसत म्हणाली, "लग्नाला सात महिने, आणि पोर हजर. फारच घाई केली हो हिनं." सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसल्या होत्या. त्या उठल्या आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हे अपुऱ्या दिवसांचं मूल आहे. त्या पेटीपाशी जाऊन कान बघ तिचे, दुमडले तर कागदासारखे दुमडलेलेच राहतात. पाठीवर लव बघ. तळपायाला रेघा नाहीत. हे ओळखायला डोळे लागतात, जीभ लागत नाही."

शेजारीण पिशवी उचलून निघून गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सासूबाईंकडे पाहिलं तर त्या खाटेची दांडी धरून उभ्या, ओठ पांढरे. पाणी मागितलं, दिलं, पेला हातात तसाच राहिला.

त्या दिवसापासून त्यांचं काहीतरी बिघडलं. जेवण दोन घासांवर आलं. नमाज संपली तरी चटईवरून उठायच्या नाहीत. मधूनच रोजे धरायला लागल्या. यांना मी सांगितलं की आईंना डॉक्टरांना दाखवा, तर हे म्हणाले की वय झालं, नातीची काळजी लागलीय, दुसरं काय. मुलगी पेटीतून बाहेर आली, घरी आली, अंग धरायला लागली, तरी सासूबाईंचं तेच.

एका दुपारी त्या मुलीला तेल लावत बसल्या होत्या, मी कपड्यांच्या घड्या करत होते. वर न बघता त्यांनी बोलायला सुरुवात केली.

सव्वीस वर्षांपूर्वी त्यांना एका सुताराच्या घरी बोलावलं होतं. त्याची बायको एकोणीस वर्षांची, लग्नाला सात महिने, आणि कळा सुरू झालेल्या. पोरगी भेदरली होती. नवऱ्याला म्हणत होती की मला दवाखान्यात न्या, या बाईच्या हातांना वास येतो, मला हात लावू देऊ नका. कळांत बायका काय काय बोलतात, ते सुईणीला नवीन नसतं. पण त्या दिवशी दाराबाहेर दहा बायका बसलेल्या होत्या, त्यातल्या दोघी फिसकन हसल्या. ते हसणं त्यांना लागलं. मूल झालं, मुलगी. अंगावर लव, कान दुमडलेले, नखं बोटांच्या टोकापर्यंत न पोचलेली. सगळं स्वच्छ दिसत होतं. त्या हात पुसत उंबऱ्यावर आल्या तेव्हा सुताराच्या आईनं विचारलं, अपुऱ्या दिवसांचं आहे ना? आणि त्या म्हणाल्या, "सातव्या महिन्याचं असं मूल मी तरी कधी पाहिलं नाही."

एवढंच. एक वाक्य. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीत फिरून आलं.

आठ दिवसांनी मोठ्या माणसांनी त्यांना बोलावून विचारलं. तेव्हा त्यांना मागे फिरता आलं असतं. पण मागे फिरायचं म्हणजे दहा बायकांसमोर आपण खोटं बोललो हे कबूल करायचं. त्यांनी अल्लाची शपथ घेऊन तेच परत सांगितलं. तेव्हाचे म्हातारे काझी भले माणूस होते. ते म्हणाले की शरियतनं सहा महिने पुरेसे धरलेत, मूल नवऱ्याचंच आहे, कुणी तोंड उघडायचं कारण नाही. पण लोकांची तोंडं कायद्यानं मिटत नाहीत. सुताराला रोज कुणीतरी काहीतरी ऐकवायचं. दोन महिन्यांनी त्यानं तलाक दिला. ती पोरगी तान्हं बाळ घेऊन भावाकडे गेली, गावाच्या दुसऱ्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत.

सासूबाईंचं सांगून झालं. मी उठले आणि त्यांच्या हातातली तेलाची वाटी काढून घेतली. मुलीलाही उचललं. दोन दिवस मी त्यांना तिला हात लावू दिला नाही. त्यांनी मागितलंही नाही. माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, शेजारीण बोलली ते त्या दिवशी एखादी सुईण बोलली असती आणि माझ्या नवऱ्याचे कान हलके असते, तर मी आज कुठं असते?

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मला काझींकडे जायचंय. एकटीला जमणार नाही." मी चपला घातल्या.

आताचे काझीही त्यांच्याच हातचे. त्यामुळे त्यांना खुर्चीवर बसवून ते स्वतः उभेच राहिले, शेवटी सासूबाईंनीच त्यांना बस म्हटलं. खोलीत लोखंडी कपाट, पुस्तकांच्या चळती आणि कुरकुरणारा पंखा. सासूबाईंनी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मग म्हणाल्या की दोन महिने रोजे धरले, रात्रंदिवस माफी मागतेय, पण छातीवरचा धोंडा हलत नाही. इतकं मोठं पाप माफ होतं का?

काझींनी उठून कुरकुरणारा पंखा बंद केला. मग म्हणाले, "मावशी, माघारी फिरणाऱ्याला अल्लाचं दार बंद नसतं. पाप डोंगराएवढं असलं तरी. पण हे पाप एकट्या अल्लाविरुद्धचं नाही. तुम्ही एका बाईचं काहीतरी घेतलंय. ते तिचं तिला दिल्याशिवाय रोजे काय करतील?"

सासूबाई म्हणाल्या, "पाक, निष्कलंक बाईवर आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके सांगितलेत. मला मारा."

ते त्या खरंच म्हणत होत्या. त्यांचे हात मांडीवर गच्च धरलेले होते, जणू आत्ताच कुणी उठून मारणार आहे. काझींनी सांगितलं की तो अधिकार आपल्याकडे नाही. आणि असता तरी, पाठ सुजली म्हणून त्या बाईची अब्रू परत येत नाही. मार खाणं सोपं आहे. आळ घेणाऱ्यानं तौबा करून पापातून माघारी कसं फिरायचं, हे पूर्वीच्या जाणत्या आलिमांनी फार साध्या शब्दांत सांगून ठेवलंय: आपण खोटं बोललो, हे आपल्याच तोंडानं म्हणायचं.

"कुणासमोर?"

"ज्यांच्यासमोर आळ घेतला त्यांच्यासमोर."

"त्यातली निम्मी माणसं कबरीत गेली."

"माणसं गेली," काझी म्हणाले. "पण ते वाक्य अजून हिंडतंय. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न दोनदा मोडलंय, मावशी. मला माहीत आहे. दोन्ही वेळा मी मध्ये होतो."

हे सासूबाईंना माहीत नव्हतं. निघताना काझींनी एक अट सांगितली: चारचौघांत बोलायच्या आधी त्या बाईला जाऊन भेटा. सव्वीस वर्षांनी तिला हा विषय उकरायचा नसेल, तर तिची मर्जी आधी, तुमची सुटका नंतर.

घरी यांना कळलं तेव्हा हे भडकले. आईवर आवाज चढवताना मी यांना त्या एकाच दिवशी पाहिलं. झालं गेलं गंगेला मिळालं म्हणतात, तर तुम्ही ते घागरीनं परत भरून आणणार का, असं काहीतरी बोलले. घरची अब्रू आपल्याच हातानं वेशीवर टांगायची, उद्या या पोरीला कोण करून घेईल, वगैरे. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "तिचीही एक पोरगी आहे." यांनी जेवणाचं ताट तसंच ठेवलं आणि बाहेर गेले.

चष्म्याचं दुकान लहानसं होतं. भाऊ वारल्यापासून तीच चालवत होती. सगळे तिला चष्मेवाली म्हणत. आम्ही गेलो तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या चष्म्याची कानामागची दांडी गरम करून वाकवत होती. पंचेचाळिशीची बाई, केसांत पांढरं, बोटं एकदम स्थिर. तिनं सासूबाईंकडे एकदा पाहिलं आणि ओळखलं. पण म्हाताऱ्याचं काम पुरं केलं, आरसा दाखवला, चष्मा नीट बसला का ते तीनदा विचारलं. तो गेल्यावर म्हणाली, "बोला."

सासूबाई उभ्या उभ्याच बोलल्या. मी खोटं बोलले. मूल अपुऱ्या दिवसांचं होतं, मला दिसत होतं. मला राग आला होता म्हणून बोलले.

चष्मेवालीनं रुमालानं एक काच पुसायला घेतली. पुसून झाली, तरी पुसतच राहिली.

"तुम्ही खोटं बोललात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "सगळ्या जगात दोघींनाच माहीत होतं. एक मी, एक तुम्ही. मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी झोप लागत नसेल. मग तुम्हाला बाजारात हसताना बघायचे."

सासूबाईंनी माफी मागितली. तिनं नकारार्थी मान हलवली. म्हणाली की माझ्या कानात येऊन सांगण्यात काय आहे, मला ते ठाऊकच होतं. "जिथं बोललात तिथं बोला. माझ्याकडे नंतर या. किंवा येऊ नका."

बाहेर आल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या. मी रिक्षा बघत होते. त्या म्हणाल्या, "रागावली नाही गं." मी म्हटलं, "आई, ती रागावलीय." त्या म्हणाल्या, "हो. पण खरं बोलली माझ्याशी."

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर काझींनी लोकांना थांबायला सांगितलं. आम्ही बायका बाजूच्या पडवीत होतो. सासूबाई पडवीच्या कडेला आल्या, जिथून अंगणातल्या सगळ्यांना त्या दिसत होत्या. मी मागून दंड धरला होता. मला वाटलं, आवाज फुटायचा नाही. पण आयुष्यभर बायकांना "जोर लाव" म्हणत ओरडलेला आवाज तो, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. त्यांनी सुताराच्या घराचं सांगितलं, मुलीच्या अंगावरच्या लवेचं सांगितलं, शपथेचं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "ती बाई पाक होती आणि आहे. मूल तिच्या नवऱ्याचं होतं. खोटी मी. हे इथून घरी जाऊन प्रत्येकानं सांगायचं, जसं तेव्हा सांगितलं होतं तसंच."

मग मधल्या रांगेतून एक माणूस उठला. पाठीत वाकलेला, हातांवर जुन्या जखमांचे वण. माझ्या शेजारची बाई पुटपुटली की हाच तो सुतार. तो सासूबाईंकडे बघत उभा राहिला. मला भीती वाटली, हा आता काहीतरी करणार. पण त्यानं चपला हातात घेतल्या आणि तशाच हातात धरून अनवाणी फाटकाबाहेर निघून गेला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. ज्या बाईचं लग्न सासूबाईंनी जमवलं होतं तिनं रस्ता बदलला. कापडवाला आता हसून घेईना, मान खाली घालून कापड मोजायचा. कुणीतरी आमच्या दारावर कोळशानं 'खोटारडी' हा एक शब्द लिहिला. तो शब्द हे सकाळी उठून पुसत होते, सासूबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, राहू दे, शब्द बरोबरच आहे. यांनी ऐकलं नाही, घासून घासून पुसला. आणि मग फडकं हातात धरून आईजवळ बसले. त्या दिवसापासून यांचा राग गेला.

दुसऱ्या बाजूनं काही चांगलंही घडत होतं, आमच्या कानावर येत होतं. सुतार काझींकडे गेला आणि ती मुलगी आपली आहे, असं चार साक्षीदारांसमोर त्यानं लिहून दिलं. मग चष्म्याच्या दुकानात गेला. चष्मेवालीनं त्याला आत घेतलं नाही. म्हणाली की सुईण तर परकी होती, तू तर मला ओळखत होतास. तो रोज येऊन समोरच्या ओट्यावर बसायचा. तिसऱ्या आठवड्यात मुलगी खाली आली, शाळेत शिकवते ती, आणि त्याच्याशेजारी बसली. काय बोलली, ते कुणाला माहीत नाही. बाप-लेक अर्धा तास बसले होते म्हणतात.

सासूबाई काझींकडे पुन्हा एकदा गेल्या. आता माफी मिळाली का, हे विचारायला. काझींनी सांगितलं की अल्लाकडचं अल्लाला ठाऊक, पण त्याच्या दयेबद्दल वाईट कल्पना करणं हेही पापच. त्या बाईचा वाटा मात्र तिच्या हातात आहे. ती देईल किंवा देणार नाही, तिच्यावर जोर करायचा नाही, वाट बघायची. मग सासूबाईंनी विचारलं, यापुढे माझी साक्ष चालेल का? काझी म्हणाले की यावर विद्वानांत दोन मतं आहेत, काही म्हणतात तौबा केली की चालते, काही म्हणतात आळ घेणाऱ्याची कधीच चालत नाही. सासूबाईंनी दुसरं मत घेतलं. कुणी काही विचारलं, अमकी कशी आहे, तमकीचं खरं का, तर म्हणायच्या, "माझी साक्ष बाद आहे," आणि विषय तिथंच थांबायचा. आमच्या शेजारणीला तर याचा इतका कंटाळा आला की तिनं येणंच कमी केलं. तो एक फायदा झाला.

पाच महिने गेले. चष्मेवालीच्या दुकानावरून आम्ही कधी गेलो नाही. सासूबाई लांबचा रस्ता घ्यायच्या. तिला माझं तोंड सारखं दिसायला नको, म्हणायच्या.

एका दुपारी दार वाजलं. मी उघडलं, तर चष्मेवाली आणि तिची मुलगी. मुलगी उंच, आईसारखीच स्थिर नजर. मी आत बोलावलं, पाणी दिलं. सासूबाई आतून आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

चष्मेवाली पाणी प्यायली, तिनं पेला खाली ठेवला. म्हणाली की मुलीचं जमलंय, मुलाच्या घरच्यांनी स्वतःहून विचारलं. बापाचं नाव घालूनच निकाह होईल, मुलीची तशी इच्छा आहे, माझी हरकत नाही. हे सांगायला आले नाही, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगितलं.

मग तिनं मुलीचा हात धरला. मुलगी तिच्याकडे बघत होती.

"मी खूप प्रयत्न केला," ती म्हणाली. "माफ केलं, असं म्हणायला बसले की घशात अडकतं. एकोणिसाव्या वर्षी मी बाळ कुशीत घेऊन त्या घरातून निघाले, सासू दारातून बघत होती. ते अजून जात नाही. तेव्हा माफ केलं, असं मी म्हणणार नाही. पण एक ठरवलंय. कयामतच्या दिवशी हिशोब होईल तेव्हा मी तुमच्याविरुद्ध उभी राहणार नाही. माझा दावा मी सोडला. हा शब्द माझ्या मुलीसमोर देते."

सासूबाई तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. ओढणीचं टोक तोंडाशी धरून त्यांनी दोनदा मान हलवली, बस एवढंच. मुलगी उठली, त्यांच्याजवळ गेली, पण काय करावं ते तिला कळेना. तिनं त्यांच्या खांद्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मग दोघी निघाल्या. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आले.

परत आले तर सासूबाई त्याच जागी. मला म्हणाल्या, "काय म्हणाली ती, परत सांग." मी सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "अजून एकदा." मी पुन्हा शब्द न् शब्द सांगितला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि सावकाश सांगितलं.

"म्हणजे माफ केलं असं म्हणाली नाही."

"नाही, आई. दावा सोडला म्हणाली."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी खोटं बोलली नाही."

आणि त्या नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करायला उठल्या.